व्हिडिओ बघून गुरांना औषध लिहून देण्यावर बंदी हवी का?

गोठेवाला: माझी तिसऱ्या वेताची संकरित गाय. मागच्या महिन्यात संध्याकाळच्या धारेला एक सड कडक लागला, दुधात गुठळ्या. दगडी, म्हणजे कासेची सूज आहे हे मलाही कळलं. एका ॲपवरच्या डॉक्टरांनी व्हिडिओ बघितला आणि पाच मिनिटांत ॲन्टिबायोटिक लिहून दिलं. ताप किती, रवंथ करते का, गाभण आहे का, काही विचारलं नाही. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही सांगितलं नाही. मी आपणहून बाजूला काढलं, पण सगळे काढतील असं नाही, आणि औषध उतरलेलं ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं. सड शेवटी गेलाच.

माणसांच्या डॉक्टरांसाठी मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले. फोनवर कुठली औषधं लिहायची आणि कुठली नाही, ते ठरलं. जनावरांना ते लागू नाहीत. माझं मत पक्कं आहे: हात न लावता ॲन्टिबायोटिक लिहायला बंदीच हवी.

मेळघाटातला: बंदीला माझा विरोध. १९६२ या गुरांच्या हेल्पलाइनला फोन केला की पशुवैद्यकांचं फिरतं पथक येतं, हे खरं. पण ते दुसऱ्या टोकाच्या गावात असलं, मध्ये नाला भरलेला असला, तर? २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत आम्ही फोनवरच्या सल्ल्यानेच जखमा धुतल्या, आजारी बैल वेगळे बांधले.

आणखी एक. आमच्या शेजाऱ्याच्या गाईच्या तोंडातून लाळ गळत होती, आवाज घोगरा. घशात काही अडकलंय म्हणून तो हात घालणार होता. व्हिडिओ बघून डॉक्टर ओरडले, "हात घालू नका, पिसाळीची शंका आहे!" त्या कॉलने माणूस वाचला.

पशुवैद्य_सातारा: तो सल्ला योग्यच होता, आणि असा सल्ला कुणी अडवू नये. पण सावध करणं वेगळं, औषध लिहिणं वेगळं. कास दाबून बघावी लागते, पोटाची हालचाल कानाने ऐकावी लागते, व्यायल्यावर वार (जार) अडकली का ते हात घालूनच कळतं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० नुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे. पशुवैद्यकीय पदविकाधारकांना किरकोळ सेवा करता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीत आणि निर्देशाने. आता फोनवरचा निर्देश म्हणजे देखरेख का? कायदा झाला तेव्हा व्हिडिओ कॉलच नव्हता. खरी पळवाट इथे आहे. शहरात बसलेला एक डॉक्टर वीस गावांतल्या सुया "देखरेखीत" दुसऱ्यांकडून टोचवून घेईल.

आणि वेदनाशामकांचं काय? डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं, तरी माणसांच्या औषधातून ते गोठ्यात येत राहिलं. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नसेल तर जाब कुणाला विचारायचा?

सॅन_होजेकर: इथे कॅलिफोर्नियात २०२४ पासून व्हिडिओवरच्या तपासणीवर उपचार सुरू करता येतात. पण ॲन्टिबायोटिक १४ दिवसांपलीकडे द्यायचं तर जनावर प्रत्यक्ष तपासावं लागतं. पूर्ण बंदी नाही, पूर्ण मोकळीकही नाही.

गोठेवाला: चौदा दिवस कुत्र्या-मांजरांना चालतील. दुभत्या गाईचं दूध पहिल्या सुईपासूनच बाजूला काढावं लागतं. फार तर एवढं मान्य करतो: ज्या डॉक्टरांनी वर्षभरात माझा गोठा येऊन बघितलाय, त्यांनीच फोनवर लिहावं. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आणि दूध न घालण्याचे दिवस, दोन्ही हवेत.

मेळघाटातला: क्रमांक हवा, दुधाचे दिवस हवेत, दोन्हीला माझा होकार. पण वर्षभरात आमचा गोठा बघायला कोण आलंय? ही अट घातली की आमचं अख्खं गाव बाहेर. आधी पथकाने वर्षातून एकदा प्रत्येक पाड्यावर यायचं बंधन घाला, मग डॉक्टरांच्या फोनवर घाला.

पशुवैद्य_सातारा: पाड्यावरच्या भेटीचं बंधन मलाही मान्य आहे. पण त्यासाठी आधी दवाखान्यांतली रिकामी पदं भरावी लागतील.