नदीच्या वाट्याचं काय?

‘पावसाळ्यात पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेलं पाणी वाया जातं, तेच शेतीच्या कालव्याला द्यावं,’ असं एक मत मांडलं जातं. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याची तळमळ मला कळते, पण हे पटत नाही. खडकवासल्याची साठवण जेमतेम 2 टीएमसी (अब्ज घनफूट). वरची पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं भरत आली की येणारं पाणी खडकवासल्यात अडवून ठेवायला जागाच नसते. आणि सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळून उजनी धरणात जातं, म्हणजे सोलापूरकरांच्या कामी येतं. वाया कुठे गेलं?

खरा प्रश्न पाऊस संपल्यावरचा आहे. तेव्हा पुण्याचं पिणं आणि कालव्याची आवर्तनं (शेतीला ठरावीक काळाने सोडलेलं पाणी) यांची वाटणी होते, नदी मात्र हिशेबातच नसते. शहरातली मुठा मग बहुतांशी सांडपाण्यावर वाहते.

साधा हिशेब करा. 1 टीएमसी पाणी आठ महिन्यांवर पसरलं तर सतत साधारण 48 क्युसेक (सेकंदाला 48 घनफूट) मिळतात. या चार धरणांच्या साखळीतल्या सुमारे 29 टीएमसीतलं एवढं नदीला द्यायला हवंच, असं माझं ठाम मत आहे. शेतीचा हक्क यात मारला जाऊ नये. पुण्यातल्या मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसणाऱ्या विहिरीतून) शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीसाठी बेबी कालव्यात (जुन्या, छोट्या कालव्यात) जातं. त्याचा दर्जा सुधारला तर शेतकरी ते नाकारणार नाहीत. (पिण्याच्या पाण्याची गळती थांबवणं तर पालिकेच्याच हातात आहे.) कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनाच्या तारखा ठरतात, तिथेच नदीचा आकडाही लिहून घ्यायला लावूया.