मस्कच्या चेष्टेच्या पोस्टचं फॅक्टचेक करायचं की सोडून द्यायचं?

रावपुराकर_ताई:
नमस्कार मंडळी, बडोद्यात आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर दर रविवारी मी एक फॉरवर्ड तपासून त्याचं खरंखोटं लिहिते. या वेळी एलॉन मस्कच्या ट्विटरवरच्या पोस्टचा, मी मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब विकत घेतोय असं लिहिलेला, जुना स्क्रीनशॉट परत फिरतोय, वर लाल अक्षरात गुजरातीत 'मोटा समाचार' आणि खालची तारीख नेमकी कापलेली. दांडिया बाजारातल्या एका काकांनी तर विचारलं पण, की त्या क्लबचे शेअर आत्ता घेऊन ठेवू का. मंडळातले काहीजण म्हणतायत चेष्टेचं कसलं फॅक्टचेक, लोक हसतील. मला हे अजिबात पटत नाही, काका पैसे घालायला निघालेत ना. पण शिक्का काय मारू, 'खोटं'?

अलकापुरी_नाका:
ताई जरूर लिहा, पण 'खोटं' नका लिहू, 'चेष्टेतली पोस्ट बातमी म्हणून फिरतेय' असं लिहा. ती ऑगस्ट २०२२ ची आहे. काही तासांनी कोणीतरी खरंच घेतोयस का विचारलं तर मस्कनेच सांगितलं की ही ट्विटरवरची जुनी गंमत आहे, मी कुठलीच टीम घेत नाहीये. स्क्रीनशॉटवाले हा रिप्लाय कधी दाखवत नाहीत, तुम्ही तोच आधी टाका. आणि पुढे खरं काय झालं ते पण द्या, डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफने क्लबचा २५ टक्के वाटा घ्यायचा करार केला. काकांना नुसतं 'नाही' सांगून भागणार नाही, मग घेतला कोणी हे ते विचारणारच.

मांजलपूर८८:
मी थोडं वेगळं बोलतो. हा माणूस दिवसभर काहीबाही टाकत असतो, प्रत्येकावर लिहीत बसलात तर खरोखर घातक खोट्या बातम्या, म्हणजे औषधांच्या, दंगलीच्या अफवा, त्या राहून जातील. माझ्या मते कोणी त्यावर पैसा किंवा तब्येत लावणार असेल तरच हात घाला.

नवापुरा_वाचक:
@मांजलपूर८८ भाऊ, पैशाचं म्हणताय तर ४२० चं प्रकरण बघा. ७ ऑगस्ट २०१८ ला त्याने लिहिलं की टेस्ला ही त्याची गाड्यांची कंपनी शेअरमागे ४२० डॉलर भावाने प्रायव्हेट करायचा, म्हणजे शेअरबाजारातून काढून घ्यायचा विचार आहे, फंडिंग पक्कं. अमेरिकेतल्या शेअरबाजाराच्या नियामकाने केस केली, त्या तक्रारीतच लिहिलंय की हिशोब ४१९ च्या आसपास येत होता पण गांजाच्या संदर्भात ४२० आकडा प्रसिद्ध म्हणून आणि मैत्रिणीला गंमत वाटेल म्हणून त्याने तो वाढवला. शेवटी तडजोडीत त्याला २ कोटी डॉलर आणि कंपनीला वेगळे २ कोटी भरावे लागले, चेअरमनपद पण सोडावं लागलं. नंतर २०२३ मध्ये गुंतवणूकदारांच्या दाव्यात ज्युरीने त्याला जबाबदार धरलं नाही, हे पण लिहा, अर्धवट नको. आता यात चेष्टा कुठे संपली आणि धंदा कुठे सुरू झाला ते वाचून कळत नाही, म्हणूनच तपासायचं.

कमाटीबाग_जवळ:
आणि चेष्टेच्या पोटात एखादी खरी गोष्ट असते, ती पण बघायची. एप्रिल २०२२ मध्ये तो म्हणाला आता कोका-कोला घेतो आणि परत कोकेन घालतो. विकत घ्यायचं म्हणणं गंमत होती, पण त्याने ट्विटर विकत घ्यायचा सौदा जाहीर होऊन दोन-तीन दिवसच झाले होते म्हणून लोकांना पटलं. 'परत' हा भाग मात्र खरा, १८८६ मध्ये अटलांटात पेंबर्टनने ते बनवलं तेव्हा त्यात कोका पानांचा अर्क असायचा, आणि कोकेन त्याच पानांतलं.
आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसचं पण तेच करा ना ताई, 'बकिंगहॅमच्या', म्हणजे लंडनच्या राजवाड्याच्या, 'चौपट' सगळेच छाती फुगवून सांगतात. नेटवर जो ३ कोटी ४ लाख ९२ हजार चौरस फुटांचा आकडा फिरतो त्याला एकरातल्या ४३,५६० चौरस फुटांनी भागा, बरोब्बर ७०० एकर येतात. म्हणजे तो अख्ख्या आवाराचा आकडा झाला आणि समोर ठेवलाय बकिंगहॅमच्या इमारतीचा फरशीचा एरिया, साधारण ७७,००० चौरस मीटर. तसं मोजलं तर जवळजवळ सदतीसपट पण निघेल, चौपट नाहीच. राजवाडा भव्यच आहे, त्याला खोट्या तुलनेची गरज काय.

रावपुराकर_ताई:
सगळ्यांचे आभार. रविवारी त्याच स्क्रीनशॉटखाली मस्कचा रिप्लाय लावते, ४२० चं पण टाकते, आणि काकांना आज फोन करून सांगते. राजवाड्याचं पुढच्या आठवड्यात, त्यावर ग्रुपमध्ये भांडण होणार हे नक्की, तरी टाकणार.