पेसर्सच्या मालकांनी टॅक्स भरून टर्नरला ठेवायला पाहिजे होतं का नाही?

हूप्स_लातूर

राम राम मंडळी. एनबीए या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या आपल्या इंडियाना पेसर्सचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) माइल्स टर्नर २०२५ च्या उन्हाळ्यात मिलवॉकी बक्सला गेला त्या दिवसापासून डोक्यात हेच चाललंय आणि इथं लातूरात याच्यावर बोलायला माणूस मिळंना, सगळे क्रिकेटवाले, म्हणून इथं लिहायलोय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

ओक्लाहोमाबरोबरच्या फायनलची सातवी मॅच आपल्याकडं २०२५ च्या २३ जूनला सोमवारी पहाटे साडेपाचला चालू झाली. मी आणि रूममेट मोबाईल भिंतीला टेकवून बसलेलो. आपला मुख्य गार्ड हॅलिबर्टन पोटरी दुखत असताना खेळायलेला, तरी पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री (लांबून मारलेले तीन पॉईंटचे शॉट) घातले, आणि मग बॉल घेऊन निघाला तो पाय टाकला न टाकला तोच कोसळला. पडल्या पडल्या तळहातानं कोर्टावर आपटायला लागला. रिप्ले दाखवायच्या आधीच आम्हाला कळलं की अकिलीस (टाचेमागची शीर) गेलं. तरी हाफटाईमला ४८-४७ नी आपण पुढं होतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमा पुढं निघून गेली आणि शेवटी आपण १०३-९१ नी हरलो.

हरल्याचं एवढं नाही वाटत. त्याच्यानंतर जे झालं ते वाटतं. टर्नर २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (नवी पोरं निवडायची लीगची पद्धत, निवडायच्या एका पाळीला पिक म्हणतात) ११ व्या पिकवर आलेला पोरगा, दहा सिझन एकाच टीमकडून खेळला, दरवर्षी ट्रेडच्या बातम्यात नाव यायचं तरी कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि टीम फायनलला गेल्यावर पंधरा दिवसाच्या आत तो आपल्याच डिव्हिजनमधल्या बक्सकडं. बक्सनी त्याला चार वर्षांचे १०० मिलियन डॉलरच्या वर दिले, आणि त्याच्यासाठी डॅमियन लिलार्डला सोडून त्याचा उरलेला पगार पुढच्या पाच वर्षांवर पसरवून अंगावर घेतला. त्यांनी बरोबर केलं का चूक ते सोडा, पण हिंमत बघा. आणि आपले मालक? २००५-०६ नंतर २०२५ पर्यंत एकदाही लक्झरी टॅक्स (खेळाडूंचा एकूण पगार लीगनं ठरवलेल्या लाईनच्या वर गेला की मालकाला भरावा लागतो तो) भरला नाही. सिझन चालू असताना या वेळेस टॅक्स भरायची तयारी आहे अशा बातम्या होत्या, हॅलिबर्टन पडला आणि वारं फिरलं.

मला विचारायचंय की हॅलिबर्टन २०२५-२६ चा पूर्ण सिझन बाहेर म्हणून टॅक्स कशाला भरायचा, हे तुम्हाला पटतं का? मला बिलकुल पटत नाही. तो परत येईल तेव्हा आपला दुसरा स्टार सियाकम ३२ चा असेल. एनबीएत या टीमनं एकदाही टायटल जिंकलेलं नाही, जे तीन आहेत ते एबीए या जुन्या लीगमधले, १९७०, ७२ आणि ७३. फायनलला दोनदाच गेलो, २००० आणि २०२५. वापसा आल्यावर बियाण्याला पैसे काढायचे नाहीत तर मग कधी काढायचे?

नांदेड_झोन

भाऊ तुझं दुःख समजतंय पण मालकाला शिव्या देणं लय सोपं असतं. पैसा ओतला म्हणून टीम जिंकते असं असतं तर फिनिक्स आज कुठं असती बघ. मालक इश्बियानं २०२३ ला टीम घेतली, घेतल्या घेतल्या ड्युरांट आणला, उन्हाळ्यात बील आणला, तो पण नो-ट्रेड क्लॉजसकट (म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय त्याला दुसऱ्या टीमला देता येत नाही). २०२४ ला पहिल्याच राऊंडमध्ये मिनेसोटानं ४-० धुतलं. २०२४-२५ ला पगार आणि टॅक्स मिळून अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त खर्च, आणि रेकॉर्ड ३६-४६, प्लेऑफ तर सोडच, त्याच्या आधीच्या प्ले-इन मॅचपर्यंत पण नाही. आता ड्युरांट ह्यूस्टनला, बीलला पैसे देऊन मोकळं केलं आणि पिक्स दुसऱ्यांच्या हातात.

त्याच्या आधी ब्रुकलिन. तिथला मालक प्रोखोरोवनं २०१३ ला बोस्टनकडून गार्नेट आणि पिअर्स आणले, टॅक्सच एवढा भरला की तेव्हाचा रेकॉर्ड होता, आणि मजल कुठवर तर दुसरा राऊंड. त्या ट्रेडमध्ये दिलेल्या पिक्समधून बोस्टनला जेलन ब्राऊन आणि टेटम मिळाले. म्हणजे पैसे ब्रुकलिननं घातले आणि २०२४ चं टायटल बोस्टनला.

आणि अजून एक. इंडियानापोलिस हे न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस नाही. आपले मालक सायमन लोकांनी १९८३ ला टीम घेतली तेव्हा ती गावात राहते का जाते अशी गत होती, आणि ती राहिली. सिएटलवाल्यांना विचार टीम गेल्यावर काय होतं ते, २००८ पासून वाट बघायलेत बिचारे. मला असा मालक चालेल जो कमी खर्च करतो पण टीम हलवत नाही.

जालनारोड_सीए

संभाजीनगरहून. नांदेडच्या भाऊंनी दिलेली उदाहरणं खरी आहेत पण या केसला लागू पडत नाहीत, आणि कामून ते आकड्यात सांगतो कारण माझं कामच ते.

२०२५-२६ ची टॅक्स लाईन १८७.८९५ मिलियन डॉलर. तिच्या वर गेलं की पहिल्या साडेपाच-पावणेसहा मिलियनला डॉलरमागे डॉलर टॅक्स, तेवढ्याच पुढच्या टप्प्याला सव्वा, आणि त्याच्यापुढं थेट साडेतीन पट. म्हणजे लाईनच्या १५ मिलियन वर गेलात तर साधारण २५ मिलियनचा चेक फाडावा लागतो. वरून जे टॅक्स भरत नाहीत त्यांना टॅक्समधून वाटा मिळतो तो पण जातो. ही रक्कम लहान आहे असं मी म्हणणार नाही. जे टीम वर्षानुवर्षं टॅक्स भरतात त्यांना रिपीटर म्हणून पहिल्याच टप्प्याला तिप्पट बसतं, पण पेसर्स वीस वर्षं लाईनच्या खाली आहेत, त्यांना साधाच रेट लागला असता. इतकी वर्षं वाचवलं ते असल्याच वर्षासाठी ना?

आता खरी मेख. टर्नर आपलाच खेळाडू होता, त्याचे बर्ड राईट्स आपल्याकडं. म्हणजे टीम कॅपच्या (पगाराची मूळ मर्यादा, टॅक्स लाईन तिच्याही वर असते) वर असताना पण त्याला परत सही करून घेता येतं. तो गेला की ते राईट्स गेले. टर्नरचे २५-२६ मिलियन वाचले, चला आता तेवढ्यात दुसरा सेंटर आणू, असं होत नाही कारण टीम कॅपच्या वरच आहे, हातात मिड-लेव्हल (कॅपच्या वर असताना चालणारा मधला ठराविक करार) आणि मिनिमम पगाराचे करार एवढंच उरतं. पैसे वाचले पण वापरता येत नाहीत. फुकट गेला माणूस, बदल्यात एक सेकंड राऊंड पिक पण नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॅक्सचा हिशेब जुलैमध्ये होत नाही, रेग्युलर सिझनच्या शेवटच्या दिवशी टीमचा पगार किती आहे त्यावर होतो. जुलैमध्ये सही करून घ्यायची, फेब्रुवारीच्या ट्रेड डेडलाईनपर्यंत बघायचं, टीम खाली गेली तर एखादा करार ट्रेड करून लाईनच्या आत यायचं. दरवर्षी कोणी ना कोणी हे करतंच. त्यामुळं एक वाया जाणारं वर्ष म्हणून टॅक्स कशाला, हा बचाव मला टिकणारा वाटत नाही. फिनिक्स सेकंड ॲप्रनच्या (टॅक्स लाईनच्याही बरीच वरची मर्यादा) वर बसली होती, तिथं दोन पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सात वर्षांनंतरचा फर्स्ट राऊंड पिक गोठवला जातो, मिड-लेव्हल बंद. पेसर्सला तिथवर जायची गरजच नव्हती.

नांदेड_झोन

बर्ड राईट्सचा मुद्दा मान्य. पण टर्नर चालला होता का फायनलमध्ये? थ्री लागत नव्हते, ओक्लाहोमाच्या होल्मग्रेन आणि हार्टेनस्टाईननी रिबाऊंडला दाबून टाकलं. आणि पेसर्सनी ऑफर दिलीच नव्हती असं पण नाही, बोलणं चालू होतं, त्यानं दुसरीकडं सही केली.

परभणी_कोर्ट

मी शाळेच्या पोरांना शिकवतो, सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळी आहे एकीला नाही, पण मॅच बघताना डोळा तोच लागतो. टर्नरचे पॉईंट मोजू नका, तो उभा कुठं राहतो ते बघा. तो हॅलिबर्टनला स्क्रीन लावतो (त्याला अडवणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो) आणि बास्केटकडं न पळता मागं थ्रीच्या लाईनवर जातो. समोरच्या टीमचा सात फुटी सेंटर त्याच्यामागं बाहेर ओढला जातो. आत मोकळं मैदान. मग नेमहार्ड कट मारतो, नाहीतर सियाकम त्याच्याहून बुटक्या माणसाला पाठीवर घेतो. क्लीव्हलँड ६४ मॅच जिंकून आलेली टीम, त्यांना ४-१ नी घरी पाठवलं ते याच जागेवर. आणि तोच माणूस दुसऱ्या बाजूला ब्लॉक मारतो. दोन्ही कामं करणारे सेंटर लीगमध्ये बोटावर मोजण्याइतके आहेत.

त्याच्या जागी मेम्फिसहून जे हफ नावाचा सेंटर आणला, उंच आहे, थ्री मारतो, पोरगा मेहनती दिसतो. पण प्लेऑफमध्ये तीस मिनिटं त्याला कोणी बघितलेलं नाही. दुसरा सेंटर आयझॅया जॅक्सन स्वतः अकिलीसमधून उठून आलाय. हॅलिबर्टन परत येईल तेव्हा त्याचा पाय आधीसारखा पळेल का हे कोणी सांगू शकत नाही, मग त्याला जास्त जागा मिळाली पाहिजे का कमी? हॅलिबर्टन जखमी झाला म्हणून टर्नर सोडला असं म्हणतात, मी म्हणतो त्याच्यासाठीच टर्नर ठेवायला पाहिजे होता.

नांदेडवाले भाऊ, फायनलच्या सात मॅचवरून दहा वर्षांचा भाव करू नका एवढीच विनंती.

गार्ड_नं_७

मी युनिव्हर्सिटीकडून खेळते. सगळे मालकाच्या बाजूनं नाहीतर हिशेबाच्या बाजूनं बोलायलेत, ड्रेसिंग रूमच्या बाजूनं पण बघा.

ओक्लाहोमानं २०१२ ला फायनल खेळली, ड्युरांट, वेस्टब्रूक, हार्डन, तिघं पण चोवीसच्या आत. मियामीकडून हरले. ऑक्टोबरमध्ये हार्डनला ह्यूस्टनला पाठवलं, कारण त्याला हवा होता तो करार आणि क्लबची ऑफर यात थोड्याच रकमेचा फरक होता आणि पुढं टॅक्स दिसत होता. तिघं पण नंतर एमव्हीपी (सिझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाले, ड्युरांट २०१४, वेस्टब्रूक २०१७, हार्डन २०१८. आणि ओक्लाहोमा परत फायनलला कधी? २०२५ ला! तेरा वर्षं. तेव्हा सगळे असंच म्हणायचे की पोरं लहान आहेत, परत येतील. २०१६ ला ड्युरांट पण गेला.

यावेळी त्याच क्लबनं जिंकल्यावर लगेच जुलैमध्ये शे गिलजस-अलेक्झांडर, होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स तिघांचे मोठे करार वाढवले. पुढं बिल येणारच आहे हे माहीत असून. मला तरी हेच बरोबर वाटतं, बाहेरून नाव विकत आणायला पैसे घालू नका पण जी टीम आपल्याकडं जमलीय ती तोडू नका. हॅलिबर्टननं पाय दुखत असताना खेळून क्लबसाठी अकिलीस घालवलं. हॉस्पिटलमधून आल्यावर त्याला काय दिसलं, की त्याचा जोडीदार गेलाय. नेमहार्ड, नेस्मिथ, मॅथुरिन हे पण बघतच असतील ना.

हूप्स_लातूर

ताई, हेच मला मांडायचं होतं पण मांडता येईना. परभणीचे सर, तुमचं वाचून क्लीव्हलँडची सिरीज परत काढून बसलो, आता टर्नरकडंच बघायलोय.

नांदेडच्या भाऊंना एक सांगायचंय. टीम गावात ठेवली म्हणून सायमनचे आभार आहेतच, पण ती राहिली ती फक्त त्यांच्यामुळं नाही. १९७७ ला क्लबकडं पैसे नव्हते, तर कोच स्लिक लेनर्ड आणि त्याच्या बायकोनं टीव्हीवर टेलिथॉन केला, आठ हजार सिझन तिकिटं खपवली नाहीत तर टीम संपली होती, आणि लोकांनी ती घेतली. सायमन यायच्या सहा वर्षं आधी! ज्या गावानं तेव्हा खिशातून पैसे काढले त्यांनी आता एका वर्षाचा टॅक्स मागितला तर काय चूक. आणि टीमची किंमत बघा, बोस्टन २०२५ ला ६.१ बिलियनला गेली, लेकर्स १० बिलियनच्या हिशेबानं. १९८३ ला घेतलेल्या टीमची किंमत आज कुठं पोचली असंल. २५ मिलियननं घर मोडत नाही यांचं.

नांदेड_झोन

टेलिथॉनचं मला माहीत नव्हतं, भारी आहे ते. टर्नर ठेवायला पाहिजे होता हे आता मान्य करतो, सीए साहेबांचा डेडलाईनवाला मुद्दा तर मला सुचलाच नव्हता. पण उद्या कोणी म्हणालं की आता सगळे पिक्स देऊन मोठा सेंटर आणा, तर मी परत इथं भांडायला येणार. २०२६ च्या उन्हाळ्यातला आपला पिक चांगला असणार, हॅलिबर्टन नसल्यामुळं टीम हरणारच आहे, तो कुणाला देऊ नका म्हणावं.

जालनारोड_सीए

तो पिक २०२५ च्या जूनमध्येच न्यू ऑर्लिन्सकडून परत घेतलाय, फायनल चालू असतानाच. तेवढं काम मात्र मॅनेजमेंटनं चोख केलंय. सेंटर कोण घ्यायचा याच्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, माझ्याकडं चार नावं आहेत पगारासकट.