कॉलेज सॉकरला मोठं स्टेडियम हवंच कशाला?

बाकडेवाला

इथं अमेरिकेत आमच्या गावच्या विद्यापीठात (नाव देत नाही, उगाच कोणाच्या पोटात दुखायला नको) पुढच्या हंगामात सॉकरचे दोन-तीन मोठे सामने अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हलवायचं घाटतंय. कारण काय, तर 'प्रेक्षकांना मोठा अनुभव मिळावा'. आमच्या मराठी ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो: हा शुद्ध खुळेपणा आहे.

मी इंडियाना विद्यापीठात शिकलो. तिथल्या पुरुष संघाची आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं आहेत, पहिलं १९८२चं आणि आठवं २०१२चं. पहिल्यांदा तिथल्या बिल आर्मस्ट्राँग स्टेडियमला गेलो तेव्हा खेळातलं काही कळत नव्हतं. फुकट होतं म्हणून गेलो. घड्याळ पंचेचाळीस मिनिटांवरून उलटं चालत होतं आणि शेवटचे दहा सेकंद सगळी पोरं मोठ्यानं मोजत होती. मला वाटलं, सॉकर असाच असतो! बाकी जगात घड्याळ सुलटं चालतं, हे नंतर कळलं.

पण आठवतं ते वेगळंच. पाठीमागून कोणी अंगावर आला की बचावपटू एकमेकांना कसे ओरडून सांगतात, ते ऐकू यायचं. गोलकीपरनं चेंडू अडवला की ग्लोव्हजचा 'थप्प' आवाज यायचा. टीव्हीवर यातलं काहीच नसतं. आणि त्या स्टेडियममध्येही एक खोट आहेच. मैदानाच्या कडेनं सायकल शर्यतीचा ट्रॅक आहे, दर एप्रिलमध्ये त्यावर 'लिटल ५००' होते. शर्यत झकास, वादच नाही. पण त्या पट्ट्यानं प्रेक्षक मागे ढकलला जातो. एवढंसं अंतर खुपायचं, तिथं पन्नास हजारांच्या वाडग्यात दोन हजार माणसं बसवून काय साधणार?

दोन-तीन हजार बाकडी, मैदानाला चिकटून. बस्स.

गोलेटाकर

दणकून असहमत. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठाचं हार्डर स्टेडियम पाहिलंयत? आसनं १७,०००. मुळात अमेरिकन फुटबॉलसाठीच बांधलेलं. विद्यापीठानं तो खेळच बंद केला आणि सॉकरला आयतं घर मिळालं. २०१०च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध १५,८९६ लोक आले होते. पंधरा हजार! तुमच्या बाकड्यांवर मावतील?

गोल झाला की मैदानावर टॉर्टिया उडतात. हो, खायच्या टॉर्टिया, त्या पातळ मेक्सिकन पोळ्या. पोरं जॅकेटच्या आत, पँटच्या कमरेत लपवून आणतात. नीट फेकली तर तबकडीसारखी तरंगत जाते, दुमडली तर पुढच्याच्या टाळक्यावर. माझ्या पहिल्या सामन्यात शेजारच्या पोरानं माझ्या हातात दोन कोंबल्या आणि म्हणाला, गोल झाल्याशिवाय फेकायची नाही. नव्वद मिनिटं त्या हातात धरून बसलो. ० - ०. घरी नेऊन भाजीबरोबर खाल्ल्या.

मुद्दा असा की हा वेडेपणा पंधराशे लोकांत होत नाही. गर्दी लागते.

कोल्हापूरचा_पेठकर

पहिलं म्हणजे त्याला फुटबॉल म्हणा. सॉकर सॉकर काय लावलंय.

दुसरं, आमच्या शाहू स्टेडियमला या एकदा. सिमेंटच्या पायऱ्या, खुर्च्या नाहीत, उन्हात बूड भाजतं. तरी दोन पेठांच्या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की पाय ठेवायला जागा नसते. स्टेडियममुळे लोक येत नाहीत भावा, पेठेमुळे येतात. आजा त्याच संघाचा, बाप त्याच संघाचा, पोरगा कुठं जाणार? तुमच्याकडं पोरगं चार वर्षांनी पदवी घेऊन दुसऱ्या गावाला जातंय. मग स्टेडियम लहान बांधा नाहीतर मोठं, दर चार वर्षांनी प्रेक्षक पहिल्यापासून गोळा करायचा.

बाकडेवाला

@पेठकर, हे खरंय आणि खुपणारं आहे. पण म्हणूनच मी लहान म्हणतो. नवीन पोरगं सप्टेंबरात पहिल्यांदा येतं. भरलेल्या छोट्या स्टँडमध्ये त्याला जागा शोधावी लागली, तर पुढच्या वेळी ते लवकर येतं. रिकाम्या मोठ्या स्टँडमध्ये पाय पसरून बसता आलं, तर ते फोन काढतं.

@गोलेटाकर, १५,८९६ एकदा. एरवीच्या मंगळवारी किती असतात, तेही सांगा की.

गोलेटाकर

मंगळवारी कमी असतात. मान्य. मंगळवारी कुठं जास्त असतात? पण कॅल पॉली या शेजारच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाशी सामना असला की दोन्ही गावांत दहा हजारांच्या वर गर्दी झालेली आहे. आणि मोठ्या मैदानाचंच बोलायचं तर १९८०मध्ये सेंट लुईस विद्यापीठ आणि एडवर्ड्सव्हिलच्या सदर्न इलिनॉय यांचा सामना शहरातल्या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये झाला होता, त्याला २२,५१२ लोक होते. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी.

हिशेबनीस

तुम्ही दोघं भावनेवर भांडताय, कोणी टेप घेऊन मैदान मोजलंय का? अमेरिकन फुटबॉलचं मैदान ५३⅓ यार्ड रुंद. कॉलेज सॉकरला किमान ७० यार्ड लागतात. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ १७ यार्ड जास्तीची जागा हवी. जुन्या फुटबॉल स्टेडियममध्ये तिथं भिंत असते, नाहीतर स्टँडचा वळलेला कोपरा. कॉर्नर घेणाऱ्याला पळत यायला जागाच उरत नाही.

शिवाय कृत्रिम गवतावर अमेरिकन फुटबॉलच्या रेघा पक्क्या विणलेल्या. वर सॉकरच्या रेघा वेगळ्या रंगात. लॅक्रॉस या तिसऱ्या खेळाच्याही असतील तर विचारूच नका. मी एकदा तिसऱ्या रांगेत बसून अर्धा तास पेनल्टी बॉक्स नेमका कुठला, हेच शोधत होतो.

बाकडेवाल्यांचं मत बरोबर, कारण चुकीचं.

पोर्टलंडची_मावशी

सगळे पुरुषांच्या संघांबद्दलच का बोलताय? अमेरिकेत कॉलेज खेळांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात स्त्रियांचे सॉकर संघ ३००हून जास्त आहेत, पुरुषांचे २००च्या आसपास. पोर्टलंड विद्यापीठाच्या मुलींनी २००२ आणि २००५ साली अजिंक्यपद मिळवलं. कॅनडाकडून खेळलेली ख्रिस्टीन सिंक्लेअर इथलीच, अमेरिकेकडून खेळलेली मेगन रपिनोही इथलीच. तिथल्या मर्लो फील्ड मैदानाला पाच हजारांच्या आत-बाहेर आसनं, आणि त्या काळात मुलींच्या सामन्यांना गर्दीत देशात पहिला नंबर असायचा. गोलमागे पोरांचं ढोलपथक, नव्वद मिनिटं अखंड. पाऊस असला तरी. पोर्टलंडला पाऊस असतोच म्हणा.

मी भाचीला घेऊन जायचे, तेव्हा ती सात वर्षांची. सामना संपल्यावर खेळाडू कुंपणापाशी सह्या द्यायला थांबायच्या. एकीनं भाचीच्या मोज्यावर सही केली, कारण कागद नव्हता. तो मोजा बहिणीनं अजून धुतलेला नाही. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये कुंपणच नसतं, बोगदा असतो. खेळाडू त्यात शिरल्या की गेल्या.

थोडक्यात, बाकडेवाल्यांना +१, पण बाकडी दोन नको, पाच हजार ठेवा.

गोलकीपरची_आई

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

'जवळ बसण्या'चं सगळे कौतुक करताय. माझा मुलगा गोलकीपर आहे. एका बाहेरगावच्या मैदानात त्याच्या गोलमागे विद्यार्थ्यांचा स्टँड अगदी पाच-सात पावलांवर होता. त्यांनी संघाच्या पानावरून त्याची सगळी माहिती काढून आणलेली. धाकट्या बहिणीचं नाव, शाळेचं नाव, समाजमाध्यमावरचा एक फोटो छापून काठीला लावलेला. गोल-किकला चेंडू ठेवला की बहिणीच्या नावानं आरोळ्या. पूर्वार्ध संपेपर्यंत माझं नावही आलं. आडनावाचा उच्चार मात्र बरोबर केला, एवढं मान्य करते. इथल्या शिक्षकांना चार वर्षांत जमला नाही.

नवरा म्हणाला, खेळाचा भाग आहे. मला नाही वाटत. मोठ्या स्टेडियममध्ये हे त्याच्या कानांपर्यंत पोचलं नसतं.

कोल्हापूरचा_पेठकर

ताई, आमच्याकडं याहून वाईट ऐकायला मिळतं. पण बहिणीचं नाव घेतलं असतं, तर सामना बाजूला राहून वेगळंच काही सुरू झालं असतं. 🙏

बाकडेवाला

ताई, विद्यार्थी असताना मीही त्या आरोळ्या मारणाऱ्यांत होतो. आम्ही गोलकीपरला त्याच्या पहिल्या नावानं हाक मारायचो, सारखी, गोड आवाजात. तेव्हा फार विनोदी वाटायचं. घरच्यांची नावं काढली नव्हती, पण एखाद्यानं आणली असती तर आम्ही गप्प बसलो असतो का, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तेव्हा थोडं सुधारून लिहितो. लहान स्टेडियम, बाकडी चिकटून, पण लांबीच्या बाजूंना. गोलमागे पोरांचा स्टँड नको, तिथं गवताचा उतार ठेवा, लोक चादर टाकून बसतील.

पोर्टलंडची_मावशी

अहो, मग ढोल कुठं वाजवायचे?

गोलेटाकर

आणि टॉर्टिया? उतारावरून पेनल्टी बॉक्सपर्यंत पोचत नाहीत, करून पाहिलंय.

हिशेबनीस

उताराचं पाणी गोलपोस्टपाशी साचतं. निचऱ्याचा खर्च धरला का?

गोलकीपरची_आई

बाकडेवाले, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. धागा मुलाला वाचून दाखवला. तो म्हणतो, उतार-बितार काही नको, स्टँड गोलमागेच राहू दे. त्या दिवशी उत्तरार्धात बाजू बदलल्या तेव्हा दुसऱ्या गोलमागे नुसतं पार्किंग होतं, आणि तिकडेच दोन गोल खाल्ले. म्हणाला, एवढं शांत होतं की झोप आली.

मी तरी पुढच्या सामन्याला कानात कापूस घालून जाणार आहे.