अनुभव धागा: घरातले फोन आणि टीव्ही ठरवून बंद ठेवताना

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याच्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यासाला बसतात. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, हे त्यामागचे कारण. नुसत्या भोंग्याने काम भागले नाही. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांना दारोदार फिरावे लागले.

गावाला भोंगा आहे, पण चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो वाजवायचा कोणी? यासाठी हा धागा. मोबाइलचे दुष्परिणाम सर्वांनाच पाठ आहेत, ते कृपया पुन्हा लिहू नयेत. आपल्या घरी कोणती वेळ ठरली, मोडता कोणी घातला, आणि शाळेचा व्हॉट्सअॅप गट, सिलिंडरचा ओटीपी, दूधवाल्याचे पैसे यांची सोय कशी लावली, तेवढे सविस्तर सांगावे.

पुण्याहून, दोन मुलांची आई

आमच्याकडे रात्री आठ ते साडेनऊ ही वेळ ठरली, कारण दोघेही नोकरीवरून घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसतात ती हीच वेळ. सगळे फोन स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजवर ठेवायचे असे ठरवले. पण फोन थरथरला की डबा असा काही खडखडे की चौघांचेही घास हातातच राहत आणि कोणाचा वाजला यावर चर्चा सुरू होई. शेवटी डब्याच्या तळाशी जुना पंचा घातला आणि वायफायचे बटण बंद करण्याचे काम धाकटीकडे दिले. ते ती फार कडकपणे करते.

खरी अडचण शाळेची होती. गृहपाठ गटावर येई आणि तोही रात्री नऊच्या सुमारास, त्यामुळे ‘अभ्यासासाठीच हवाय’ या वाक्यापुढे कोणाचे काही चालत नसे. पालकसभेत विषय काढल्यावर असे दिसले की बाईंनाही रात्री गट सांभाळण्याचा कंटाळाच आला होता. आता शाळा सुटण्यापूर्वी गृहपाठ फळ्यावर लिहिला जातो, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि गटावर फक्त सुट्टीच्या सूचना येतात.

यजमानांची नोकरी अशी आहे की काही आठवडे रात्रीही कार्यालयाचा फोन घ्यावा लागतो. त्या आठवड्यांत ते आतल्या खोलीत दार लावून काम करतात आणि मुलांना त्याचे काहीच वाटत नाही. जेवताना खिशातून फोन काढून ‘जरा बघतो’ म्हणणे मात्र मुलांना मुळीच खपत नाही, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: सुरुवातीला घरात भांडणे वाढली. एरवी आपापल्या पडद्यात गुंतलेली दोन मुले दीड तास एकमेकांसमोर आल्यावर दुसरे काय होणार? थोरला तर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत असे. सासऱ्यांनी पत्त्यांचा जोड काढल्यानंतर सूर बदलला. बदाम सातमध्ये आजोबा सत्त्या दाबून ठेवतात हे लक्षात आल्यापासून दोन्ही भावंडे त्यांच्याविरुद्ध एक झाली आहेत.

तासगावहून, गृहिणी

वडगावची बातमी वाचून आमच्या वाडीतील काही घरांनी सात ते साडेआठ हीच वेळ धरली. मुले दोन दिवस कुरकुरली आणि मग मुकाट बसू लागली. मोडता घातला तो आमच्या सासूबाईंनी, कारण त्यांच्या मालिका नेमक्या त्याच वेळात लागतात. ‘अभ्यास पोरांचा, शिक्षा मला का?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. दिवसभर मळ्यात राबून आलेल्या बाईला तेवढीच करमणूक असते. टीव्ही आतल्या खोलीत नेऊन आवाज कमी ठेवून पाहिला, तर मुलांचे कान भिंतीला लागले. शेवटी त्याच म्हणाल्या की मी दुपारी पुनःप्रसारण बघीन, पण मग तुम्हा दोघांचे फोनही दिसता कामा नयेत. आता भोंग्याचे काम त्या स्वतःच करतात: सात वाजले की देवापाशी दिवा लावतात, टीव्हीचा प्लग काढतात आणि माझ्या नवऱ्यापुढे हात पसरतात.

धागा काढणारीकडून, मध्येच

दोन्ही अनुभवांत अडचण फक्त मुलांची नव्हती, मोठ्या माणसांचीही होती, याची नोंद घेते आणि पुढे वाचते.

नाशिकहून, बालरोगतज्ज्ञ

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार वर्षाच्या आतील बाळाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. हे आकडे मी पालकांना सांगतो. ते मान डोलावतात आणि बाहेर बाकावर बसल्या बसल्या बाळाच्या हाती फोन देतात. म्हणून आता मी एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे जेवताना फोन नको. फोनकडे बघत तोंड उघडणाऱ्या मुलाला आपण काय खातो आणि पोट कधी भरले, याचा पत्ता नसतो. पहिले काही दिवस मूल कमी खाते आणि आज्यांचा जीव कासावीस होतो. त्या दिवसांत घरच्यांनी दम धरावा, एवढेच माझे म्हणणे असते. माझ्या नातीच्या वेळी आम्ही तिला पाटावर बसवून मऊ भाताची वाटी तिच्याच पुढे ठेवली. निम्मा भात फरशीवर गेला, काही केसांत गेला, पण उरलेला तिने स्वतःच्या हाताने खाल्ला.

रत्नागिरी जिल्ह्यातून, आजोबा

आमच्याकडे ठरवून काही करावे लागत नाही, कारण घरात रेंजच नाही. मे महिन्यात मुंबईची नातवंडे येतात तेव्हा आपोआप उपास घडतो, असे मी अभिमानाने सांगत असे. पण पोरांनी विहिरीपलीकडच्या कातळावर दोन काड्या रेंज येते हे शोधून काढले आणि सगळी दुपार तिथेच जाऊ लागली, तीही रणरणत्या उन्हात. मी रागावलो नाही. आंबे उतरवायला गडी कमी होते, तेव्हा घळ (आंबे उतरवायची जाळीदार काठी) आणि करंड्या त्यांच्या हाती दिल्या. काम असेल त्या दिवशी कातळावर कोणी फिरकत नाही आणि काम नसेल त्या दिवशी सगळे तिथेच, असा सरळ हिशेब आहे.

कल्याणहून

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. जहाज बंदराला लागून त्याला नेटवर्क मिळेल तेव्हा त्याचा फोन येतो आणि त्याला वेळकाळ नसतो. आमचा फोन एक मिनिटही बंद होणार नाही. इतरांनी जरूर करावे.

न्यू जर्सीहून

आम्ही आठवड्यातून अर्धा दिवस सगळे बंद ठेवायचे ठरवले आणि शनिवारची सकाळ निवडली. पण उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेसहा, आणि हीच माझ्या आईबाबांच्या व्हिडिओ कॉलची वेळ. ती हलवावी म्हटले तर बाबा लवकर झोपतात. शेवटी विराम दुपारवर ढकलला. एरवी कॉल चालू असताना मुले बाजूला दुसरा पडदा उघडून बसत आणि आजीच्या प्रश्नांना ‘हं’ एवढेच उत्तर मिळे. आता कॉलच्या वेळी बाकीची सर्व उपकरणे बंद असतात आणि एकच टॅबलेट टेबलावर उभा असतो. मराठी शाळेत जे बोलणे होत नाही ते तिथे होते, कारण आजीला इंग्रजी येत नाही आणि आईने मध्ये पडायचे नाही असा नियम आहे.

लातूरहून, बारावीची विद्यार्थिनी

मोठ्यांच्या या धाग्यात लिहिण्याची परवानगी घेते. माझ्या शिकवणीची व्याख्याने, सराव परीक्षा आणि शंका विचारण्याचा गट, सर्व फोनवरच आहे. त्यामुळे ‘फोन ठेव’ म्हणणाऱ्या बाबांशी माझे रोज वाजत असे. नंतर बाबांनी व्याख्याने घरच्या संगणकावर उतरवून दिली आणि शंका वहीत लिहून सकाळी एकदमच गटावर टाकायच्या असे ठरले. रात्री माझा फोन त्यांच्या उशाशी असतो. मी अट एवढीच घातली की त्यांनी त्याच वेळी स्वतःचा फोन आईकडे द्यावा. सध्या वाद चालू आहे तो आईचा फोन कोणाकडे द्यायचा यावर.