शांतता, शांती की निवांत?

परवा भाचीने विचारलं, "मामा, निबंधात मनाची शांतता लिहू की मनाची शांती?" दोन्ही चालतं, असं सांगून मी मोकळा झालो. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, कारण दोन्ही सारखं चालत नाही. म्हणून इथे मांडतोय.

मूळ धातू ‘शम्’. राग शमतो, वादळ शमतं, तहान शमते. ‘शांती’ थेट तिथून आली. ‘शांतता’ मात्र ‘शांत’ला ‘ता’ लावून झाली. वापर बघितला की फरक कळतो. वाचनालयात पाटी असते ‘शांतता राखा’. सणासुदीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात बैठक होते ती शांतता समितीची. म्हणजे शांतता बाहेरची, चारचौघांत राखायची. आतल्या गोष्टीसाठी आपण ‘मनःशांती’ म्हणतो. ‘मनःशांतता’ मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. (लिहिताना: शांती शेवटी आली की दीर्घ, पुढे शब्द जोडला की ऱ्हस्व. मनःशांती, पण शांतिदूत.)

शिवाय ‘शांत’ हे स्त्रीलिंगी नामही आपल्याकडे आहे, ते लोक विसरतात. वास्तुशांत, उदकशांत, साठीची शांत. "पोराची शांत केली का?" असं म्हातारी माणसं विचारतात. इथे शांत आपोआप मिळत नाही, विधी मांडून ती करावी लागते.

पण माझ्या मते या सगळ्यांपेक्षा नेमका शब्द ‘निवांत’. तो मला शब्दकोशाआधी घरात कळला.

आमचे अण्णा सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणायचे. कारखाना घराच्या मागच्याच गल्लीत. धोट्याची (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो) खटखट इतकी, की शेजारी उभ्या माणसाशीही हातवाऱ्यांनी बोलायचं. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो. एका मे महिन्यात दुपारी लाईट गेली आणि सगळे माग एकदम थांबले. अशी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या बाईच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. मला वाटलं, बरं झालं. म्हणालो, "अण्णा, आता निवांत जेवा की."

"कसलं निवांत?" ते म्हणाले. "माग थांबला की मजुरी थांबली."

मजुरी नगावर होती. अण्णांनी भाकरी मोडली, पण घास हातातच. नजर सारखी वरच्या बल्बकडे. तासाभराने लाईट आली, खटखट सुरू झाली, आणि तुटलेला धागा जोडता जोडता त्यांचे खांदे खाली आलेले मला दिसले. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजात माणूस निवांत झाला होता. शांतता होती तेव्हा निवांत नव्हतं, निवांत झालं तेव्हा शांतता नव्हती. दोन शब्द वेगळे आहेत हे मला तिथे समजलं.

व्युत्पत्तीही याच्याशी जुळते. निवांत आला संस्कृत ‘निवात’वरून, म्हणजे जिथे वारा नाही असं. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवात जागेतल्या दिव्याची उपमा आहे. ज्योत हलत नाही, पण जळते आहे. म्हणजे निवांतपणात काम थांबत नाही, हेलकावे थांबतात. आज आपण "काय चाललंय?" "निवांत!" असं रिकामपणाच्या अर्थाने म्हणतो. तोही वापर चुकीचा नाही, पण जुना अर्थ त्याहून खोल आहे.

दुसरा जवळचा शब्द ‘निवणे’. चहा निवतो, तापलेला तवा निवतो, नातवंडं बघून डोळे निवतात. याचं नातं ‘निर्वाण’शी आहे, विझणं या अर्थाने. पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात सुखाचा शब्द थंड होण्यावरून यावा, हे मला फार पटतं. संध्याकाळी अंगणात पाणी मारल्यावर आई म्हणायची, "आता जीव निवला." (‘निवळणे’ वेगळा बरं का. गढूळ पाणी निवळतं, चहा निवतो.)

नंतरची भर: प्रतिसादात ‘समाधान’बद्दल विचारलंय. आपल्या सोलापुरात हा शब्द तीन भाषांत तीन कामं करतो. मराठीत समाधान म्हणजे तृप्ती. कन्नडमध्ये रडणाऱ्याला ‘समाधान माडको’ म्हणतात, म्हणजे धीर धर, शांत हो. तेलुगूत समाधानम म्हणजे चक्क उत्तर! संस्कृतात समाधान आणि समाधी एकाच धातूचे, नीट एकत्र ठेवणे या अर्थाचे. सिद्धेश्वराच्या मंदिरात बाराव्या शतकातले संतकवी सिद्धरामेश्वर यांची समाधी आहे, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये. हा शब्द या गावात किती काळ नांदतोय ते बघा.

‘नेम्मदी’चंही तसंच. कन्नडमध्ये ती मनाची शांती. आमच्या शेजारच्या तेलुगू अक्का विड्या वळता वळता धावणाऱ्या पोरांना ओरडायच्या, "नेम्मदिगा रा!" म्हणजे सावकाश ये. आम्ही मराठी पोरंही तेच ऐकून पळायचं थांबायचो.

भाचीला शेवटी ‘मनःशांती’ लिहायला सांगितलं, आणि अण्णांची गोष्टही. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या मंडळींनी सांगावं, तुमच्या घरी ‘जीव निवला’ अजून म्हणतात का, आणि कशावरून?