1917 चं दुरुस्त केलेलं मँडोलिन रोज वाजवायला घ्यावं का?

कोमलनिषाद: गिब्सन कंपनीचं एक जुनं मँडोलिन बघून आलो. ए मॉडेल, 1917 चं, अंडाकृती तोंडाचं (आवाजाचं भोक). विकणारा म्हणतो, पडदे नवे घातलेत, तबलीची (वरच्या फळीची) भेग बुजवलीय, पॉलिशही नवं. 'जी' (G) सुराची तार छेडली आणि पोटाशी घुमली! माझा रोजचा रियाज तास-दीड तासाचा, ट्रेमोलो (एकच सूर भरभर छेडणं) भरपूर. झेपेल का त्याला?

खुंटीपिळ्या: झेपेल, पण 'पॉलिश नवं' वाचूनच पोटात गोळा आला. माझं पहिलं मँडोलिन गोल पाठीचं, असंच चकचकीत. हौसेनं त्यावर अकराच्या, म्हणजे जरा जाड, तारा चढवल्या. चौथ्या महिन्यात तारा वरच्या पडद्यांवर खरखरायला लागल्या. घोडी (तबलीवरचा तारांचा आधार) काढून बघतो तर खाली लाकडाची पातळ चकती! तबली आधीच खचलेली, आणि ते कळू नये म्हणून घोडी उचलून दिलेली. आठ तारांचा ताण मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, तो पातळ तबलीनं किती सोसायचा?

तुमचं कोरीव तबलीचं आहे, तेवढं नाजूक नाही. तरी तोंड आणि घोडी यांच्या मधला फुगवटा डोळा खाली आणून बघा. जरासा बसलेला असेल तर चालतो. आतली आडवी पट्टी सुटलेली मात्र नको. तोंडातून टॉर्च आणि छोटा आरसा घाला, वरून बोटाच्या पेरानं ठोका. सुटली असेल तर फटफट आवाज येतो.

आणि मान. गिब्सननं मानेत सळई घालायला सुरुवात केली ती 1922 च्या आसपास. म्हणजे तुमच्यात नाही, वाकली तर स्क्रू फिरवून सरळ होणार नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबा. सातव्यापाशी व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढीच फट हवी. तारा दहाच्याच लावा.

तिसरासप्तक: पॉलिशला एवढं भिऊ नका हो. मूळ पॉलिश गेलं की संग्राहक नाक मुरडतात आणि भाव उतरतो. वाजवणाऱ्याचं त्यात भलंच. फक्त थर जाड नको, आवाज दबतो.

कोमलनिषाद: आज पुन्हा जाऊन आलो. पट्टी घट्ट आहे, फट कार्डाएवढीच. घोडीला उंची बदलायच्या चकत्या दिसल्या तेव्हा चमकलो, कारण गिब्सनची तसली घोडी 1921 ची. विचारल्यावर त्यानं पेटीच्या कप्प्यातून मूळ घोडी काढून दिली. चकत्या जवळजवळ तळाला आहेत, म्हणजे काही लपवलेलं नसावं. घेतलं! आता 'ए' (A) सुराच्या जोडीतली एक तार सारखी उतरते. खुंटीला तेल देऊ?

खुंटीपिळ्या: आधी नटची, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीची, खाच बघा. जुळवताना 'टिक' असा आवाज येत असेल तर तार तिथेच अडकतेय. खाचेत शिसपेन्सिल घासा. तेल नंतर.